प्राध्यापकांची संघटना : कोणाची आणि कशासाठी?

वरूडसारख्या तालुक्याच्या गावात प्राध्यापक होणे म्हणजे एकदम 'सर' होणे. चौकात चहाला उभे राहिले तर संत्र्याचा दलालही बाकावर सरकून जागा करून देतो. पण हाच सर संस्थेच्या अध्यक्षासमोर उभा राहिला की त्याचे हात आपोआप मागे जातात. अध्यक्ष बागायतदार असतो, कुठल्यातरी पक्षाचा माणूस असतो, बाजार समितीत त्याचे वजन असते. आणि महाविद्यालय हे त्याच्या बागेइतकेच त्याचे आहे, अशी गावाची समजूत असते. दलित प्राध्यापकाच्या मानाला आणखी एक कंगोरा असतो. नावानंतर आडनाव विचारले जाते आणि खोली भाड्याने मिळणार की नाही हे त्या आडनावावर ठरते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात, हे लक्षात घेतल्याशिवाय प्राध्यापक संघटनेचा विचार करता येणार नाही. आमच्याकडे संघटनेविषयी बोलणारे पहिल्या गोष्टीपाशी थांबतात. मला दुसरीही पाहायची आहे.

आधी संघटना लागते कशाला, ते सांगतो. कारण आजचे विद्यार्थी मला हा प्रश्न मनापासून विचारतात. 'पगार तर चांगला आहे, मग मोर्चे कशाला?' खासगी अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला तीन मालक असतात. नेमणूक संस्था करते, मान्यता विद्यापीठ देते, पगार शासन देते. काम अडले की संस्था विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठ उच्च शिक्षण खात्याकडे, आणि खाते पुन्हा संस्थेकडे. एकटा माणूस ह्या तिघांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो. शासनाने वेतनाची जबाबदारी घेण्यापूर्वी पूर्ण रकमेवर सही करायची आणि हातात कमी पैसे घ्यायचे, हा अनेक ठिकाणचा रिवाज होता. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कामावरून कमी करायचे आणि पावसाळ्यात पुन्हा नेमायचे, हाही रिवाजच. तोंड उघडणाऱ्याला पुढच्या जूनमध्ये बोलावणे येत नसे. हे मोडले ते कोणाच्या दयाबुद्धीने मोडले नाही.

आमच्या भागात ह्या कामाचे नाव 'नुटा'. नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ. 1 मे 1983 रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले. पण संघटनेने विद्यापीठाबरोबर स्वतःचे दोन तुकडे करून घेतले नाहीत. जुने नाव ठेवून ती दोन्हीकडे काम करीत राहिली, आणि हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. वरूडचा माणूस अमरावती जिल्ह्यातला असला तरी त्याचे अर्धे नातेगोते नागपूरकडे. त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. प्रा. बी. टी. देशमुखांचे नाव ह्या संघटनेशी जोडलेले आहे. अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून ते 2010 च्या निवडणुकीपर्यंत दीर्घकाळ विधान परिषदेत होते. शासन निर्णयातला एक शब्द धरून मंत्र्याला कोंडीत पकडणे ही त्यांची रीत. 'नुटा बुलेटीन' चाळले की तो सगळा इतिहास समोर येतो : परिपत्रके, न्यायालयीन आदेश, सभांचे वृत्तान्त. वाचायला रूक्ष. पण तालुक्याच्या गावातल्या प्राध्यापकाला आपला हक्क कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदात आहे हे कळायचे ते ह्याच रूक्ष पानांतून. कागद ज्याच्याजवळ असतो त्याच्याशी अध्यक्ष वेगळ्या आवाजात बोलतो.

राज्यभरातल्या अशा संघटनांचा महासंघ म्हणजे एमफुक्टो, आणि देशपातळीवर 1962 साली स्थापन झालेली आयफुक्टो. 1987 मध्ये वेतनश्रेणीच्या प्रश्नावर देशभर प्राध्यापकांचा प्रदीर्घ संप झाला. 2013 च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत महाराष्ट्रात परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्यांच्या सेवेचा प्रश्न ह्या त्यातल्या मुख्य मागण्या. नेट-सेटचा प्रश्न समजून घ्यायला हवा. 19 सप्टेंबर 1991 च्या विनियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने ही पात्रता सक्तीची केली. पुढची काही वर्षे परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार मिळेनात, वर्ग तर चालवायचे होते; म्हणून पदव्युत्तर पदवी असलेल्यांच्या नेमणुका झाल्या. ही माणसे दोन-दोन दशके शिकवीत राहिली, आणि कागदावर मात्र अपात्रच राहिली. त्यांच्यासाठी संघटना लढली. सेवेत असलेल्या कोणालाही काढू द्यायचे नाही, ही संघटनेची पहिली प्रवृत्ती. ती योग्यच आहे. पण सेवेच्या दाराबाहेर जो उभा आहे त्याचे काय, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

ह्यासाठी थोडे दूर जाऊ. अमेरिकेत विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना 1915 च्या जानेवारीत स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई. शैक्षणिक स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा संघटनेने त्याच वर्षी काढला तो तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष एडविन सेलिग्मन. दोघेही कोलंबिया विद्यापीठातले, आणि दोघेही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. बाबासाहेब 1913 ते 1916 तिथे शिकत होते. म्हणजे त्यांचे शिक्षक हे काम करीत होते तेव्हा ते त्यांच्या वर्गात बसत होते. मी ह्यावरून कसलाही निष्कर्ष काढीत नाही. परंतु प्राध्यापकांची संघटना ही डाव्यांनी शिकवलेली अवदसा आहे असे जे संस्थाचालक म्हणतात, त्यांच्या कानावर ही माहिती घालायला हरकत नाही.

ह्याच कथेची दुसरी बाजू अधिक बोधक आहे. ही संघटना निघण्यामागे जी प्रकरणे होती त्यांत 1900 सालचे स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्रकरण गाजलेले. एडवर्ड रॉस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला, संस्थापकाची विधवा जेन स्टॅनफर्ड हिच्या मर्जीखातर जावे लागले. संस्थाचालकाने प्राध्यापकाला घालवले. वरूडच्या माणसाला ह्यात नवे काहीच नाही. निषेध म्हणून आर्थर लव्हजॉय ह्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने राजीनामा दिला आणि पुढे संघटना उभी करण्यात तो आघाडीवर राहिला. पण ज्या भाषणांमुळे रॉसवर रोष झाला त्यांतले एक होते चिनी आणि जपानी मजुरांना अमेरिकेत येऊ देऊ नये असे सांगणारे. मालकापासून स्वातंत्र्य मागणारा प्राध्यापक वंशाच्या प्रश्नावर मालकापेक्षाही संकुचित असू शकतो. त्याचे स्वातंत्र्य राखायला हवे हे खरेच; परंतु ते राखल्याने चिनी मजुराचा प्रश्न सुटत नव्हता.

बाबासाहेबांना हीच गाठ मुंबईच्या गिरण्यांत भेटली. 1928 चा गिरणी संप मोठा. मागण्या मजुरीच्या होत्या, कामाच्या तासांच्या होत्या. पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक. धाग्यापाशी मात्र वेगळे. बाबासाहेबांनी विणकाम खाते खुले करण्याचा प्रश्न लावून धरला. पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपल्याकडे सभांतून फार वापरले जाते. पण ते कामगार संघटनेच्या संदर्भात, कामगारांसमोर सांगितले गेले होते, हे विसरले जाते. आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले, हेही.

महाविद्यालयातले विणकाम खाते कोणते? कायम पद. इथे मला जरा तपशिलात शिरले पाहिजे, कारण दलित प्राध्यापकाचे भवितव्य ह्या तपशिलात अडकलेले आहे आणि आपले कार्यकर्ते त्याला कारकुनी समजून सोडून देतात.

महाराष्ट्राच्या 2001 च्या आरक्षण अधिनियमाने अनुसूचित जातींना 13 टक्के, अनुसूचित जमातींना 7, विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या चार गटांना मिळून 11, विशेष मागास प्रवर्गाला 2 आणि इतर मागासवर्गाला 19, अशा 52 टक्के जागा दिल्या. टक्केवारी भाषणात सांगता येते. पण टक्के कशाचे? सगळ्या महाविद्यालयाच्या पदांचे, की एकेका विषयाच्या पदांचे? इथे 'बिंदुनामावली' येते. पदांची क्रमवार यादी करायची आणि कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरवून ठेवायचे. आता तालुक्याच्या महाविद्यालयात मराठीचे एक पद, राज्यशास्त्राचे एक, इतिहासाचे एक. विषय हे एकक धरले तर प्रत्येक यादी एका क्रमांकावरच संपते. आरक्षणाचा बिंदू यायच्या आधीच यादी संपली! कोणी कोणाला नाकारले नाही, कोणी जातीचे नाव काढले नाही, आणि तरीही दार बंद.

ह्या प्रश्नातला एक महत्त्वाचा निकाल आमच्याच भागातला आहे. नागपूर विद्यापीठाने 1984 मध्ये प्राध्यापक, प्रपाठक, अधिव्याख्याता अशा पदांची जाहिरात दिली. कोणत्या संवर्गात किती जागा राखीव हे सांगितले. पण कोणत्या विषयातल्या, ते सांगितले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डॉ. सुरेशचंद्र वर्मा विरुद्ध कुलपती, नागपूर विद्यापीठ ह्या 1990 च्या निकालात न्यायालयाने ती जाहिरात आणि तिच्याखालच्या नेमणुका अवैध ठरवल्या. कोणते पद राखीव हे उमेदवाराला आधी कळले पाहिजे, नाहीतर निवडणाऱ्याच्या मनमानीला रान मोकळे, हा त्यातला युक्तिवाद. मला तो चुकीचा म्हणता येत नाही. राखीव जागा कोणत्या विषयात टाकायची हे मुलाखतीच्या दिवशी ठरू लागले तर ती अशाच विषयात पडते जिथे आपला उमेदवार नाही. पण ह्या निकालापासून विषय हे एकक पक्के झाले, आणि एक पदाच्या विषयांतले दार बंद होण्याची वाटही त्याच निकालातून गेली.

त्या वाटेचा पुढचा मुक्काम 1998 चा. एकाकी पदावर आरक्षण लावणे म्हणजे शंभर टक्के आरक्षण, म्हणून ते आळीपाळीनेही लावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. त्या खटल्यातले पक्षकार वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावेत. एका बाजूला चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था. दुसऱ्या बाजूला तिथली फॅकल्टी असोसिएशन. होय, प्राध्यापकांची संघटना. 2013 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रकरणात असाच प्रश्न पुन्हा पाच न्यायमूर्तींसमोर आला, उच्च विशेषज्ञतेच्या अध्यापक पदांवर आरक्षण असावे काय. आणि तिथेही ते असू नये म्हणून न्यायालयात गेलेली संस्था तिथली फॅकल्टी असोसिएशनच. सभासदांच्या वर्गणीतून वकील उभे राहिले. त्या सभासदांत जे थोडे दलित अध्यापक असतील त्यांनाही संघटना आपलीच म्हणावी लागत होती.

म्हणून 'प्राध्यापक संघटनेची भूमिका' असा विषय कोणी परिसंवादाला दिला की मी विचारतो, कोणाच्या प्रश्नावरची भूमिका? वेतनश्रेणीवर संघटना एकमुखी असते. बिंदुनामावलीवर ती दोन तोंडांनी बोलते, किंवा बोलतच नाही. आमच्या वऱ्हाडातल्या संघटनांनी चंदीगडसारखे काही केले, असे मी म्हणत नाही. पण न बोलणे हेही बोलणेच असते.

मी स्वतः पाहिलेले एक उदाहरण सांगतो; संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ती एकटी नाही. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अनुसूचित जातीसाठी राखीव असलेले एक पद तीनदा जाहीर झाले. तिन्ही वेळा 'योग्य उमेदवार मिळाला नाही'. तिसऱ्या वेळी मुलाखतीला आलेल्यांत एक मुलगा पीएच.डी. झालेला, सेट उत्तीर्ण, आणि त्याच महाविद्यालयात तोच विषय तासिका तत्त्वावर दोन वर्षे शिकवलेला. तासाला योग्य, पदाला अयोग्य! आम्ही तिघा-चौघांनी हा प्रश्न संघटनेच्या स्थानिक सभेत मांडला. कोणी विरोध केला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग एक ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाले, 'हा निवड समितीचा विषय आहे, आपण सेवाशर्तींचे बोलू.' आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. त्या माणसाविषयी माझ्या मनात राग नाही; त्याने सबंध आयुष्य संघटनेला दिले होते. परंतु सेवेत शिरणे ही सेवेची पहिली शर्त आहे, हे त्याला कधी शिरताना अडवलेच गेले नसल्यामुळे दिसत नव्हते.

2018 च्या मार्चमध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरण्याचे परिपत्रक काढले, तेव्हा देशभर विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर आले. दिल्ली विद्यापीठातल्या शिक्षक संघटनाही त्यात होत्या, हे नमूद केले पाहिजे. त्या दबावातून 2019 चा कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांत संस्था हेच एकक ठरले. महाराष्ट्रानेही 2021 साली त्या धर्तीवर कायदा केला. म्हणजे संघटित झाले की होते. पण एकक मोठे झाले की वर्मा प्रकरणातला जुना प्रश्न नव्या रूपात परत येतो : एकूण जागा ठरल्या, आता त्या कोणत्या विषयांत टाकायच्या? ते टेबलावर बसून कोण ठरवतो? त्या टेबलापाशी संघटनेचा माणूस हवा, आणि त्याला बिंदुनामावली वाचता यायला हवी.

आता प्रतिनिधित्वाकडे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर प्राध्यापकांमधून दहा जण निवडून येतात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला ह्यांची एकेक जागा राखीव. कागदावर ठीक. पण राखीव जागेवरच्या उमेदवाराला मते सगळ्यांची हवीत, आणि सगळ्यांची मते पॅनेलकडे असतात. पॅनेल ज्याला उभे करते तो निवडून येतो. जो सभेत मान हलवतो त्याला उभे केले जाते, जो बिंदुनामावली मागतो त्याला नाही. 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार आठवा. कायदेमंडळांत 148 जागा मिळाल्या आणि मतदारसंघ संयुक्त झाला. जागा आपली, मतदार त्यांचा. बाबासाहेब पुढे आयुष्यभर त्या कराराविषयी असमाधानी का राहिले, हे ज्याला पुस्तकातून कळत नसेल त्याने अधिसभेची एक निवडणूक जवळून पाहावी.

मग वेगळी संघटना काढायची काय? हा वाद मी तीसेक वर्षे ऐकतो आहे. 6 डिसेंबर 1978 ला कांशीराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बामसेफ उभी केली; महाराष्ट्रात कास्ट्राईब संघटनेने मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचे काम केले. ह्या संघटना नसत्या तर अनुशेष हा शब्दही कोणी उच्चारला नसता. पदोन्नती रखडलेल्या, गोपनीय अहवालात शेरे मारले गेलेल्या कितीतरी माणसांना त्यांनी उभे केले. परंतु विद्यापीठात वेतनाच्या, सेवेच्या वाटाघाटीला बोलावले जाते ते मोठ्या संघटनेला. वेगळे निघालेल्याला निवेदन देता येते, पोच घेता येते. त्यामुळे मी दोन्हीकडे वर्गणी भरली. माझ्या पिढीतल्या बहुतेक दलित प्राध्यापकांनी तेच केले. एका सभेत आम्ही 'जातीचे राजकारण करणारे' आणि दुसऱ्या सभेत 'त्यांच्यात जाऊन बसणारे'. दोन्ही शिव्या पचवण्याची सवय झाली.

मात्र आता प्रश्नाचे क्षेत्रच बदलले आहे, आणि त्याकडे दोन्ही संघटनांचे पुरेसे लक्ष नाही. 2017 मध्ये शासनाने पदभरती थांबवली. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये रिक्त पदांपैकी केवळ 40 टक्के, म्हणजे 3580 सहायक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी दिली. उरलेले वर्ग कोण घेतो? तासिका तत्त्वावरचा तरुण. त्याला तासाचे पैसे मिळतात. सुट्टी लागली, परीक्षा सुरू झाली, वर्गात मुले आली नाहीत, की त्याचे पैसे बंद. त्याला निवृत्तिवेतन नाही, प्रसूतिरजा नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. म्हणजे जो रिवाज मोडल्याबद्दल संघटनेचा इतिहास लिहिला जातो, तोच रिवाज शासनाच्या शिक्क्याने परत आला. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार भागातल्या वस्त्यांतून नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली जी मुले-मुली आज निघत आहेत, त्यांच्यातली कितीतरी ह्याच रांगेत उभी आहेत. एका महाविद्यालयात सकाळी दोन तास, दुसऱ्या गावी दुपारी तीन, मधे एस.टी.ची वाट पाहणे. संत्र्याच्या हंगामात तोडणीला जाणाऱ्या आईची रोजी काही दिवस मुलाच्या मानधनापेक्षा जास्त पडते, हे मला एका विद्यार्थ्याने हसत हसत सांगितले. ते हसणे ऐकवले नाही.

हे तरुण संघटनेचे सभासद का होत नाहीत, असे जुने पुढारी विचारतात. आधी त्यांना सभेत बसू द्या, मग विचारा. सभेच्या विषयपत्रिकेवर थकबाकी, महागाई भत्ता, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन हे विषय असतात, सगळे रास्त. पण ज्याला पगारच नाही त्याला महागाई भत्त्याचा ठराव टाळ्या वाजवून मंजूर करायला लावणे ही थट्टा आहे. शिवाय त्याने पाहिलेले असते, की बडतर्फ झालेल्या कायम प्राध्यापकासाठी 1994 च्या कायद्यापासून, आणि 2016 च्या कायद्यातही, न्यायाधिकरणाचे दार आहे. त्याला मात्र बडतर्फही करावे लागत नाही. जूनमध्ये फोन आला नाही, एवढेच.

ज्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना ह्या कामात उतरायचे असेल त्यांना मी सांगतो, भाषणापासून सुरुवात करू नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा मुद्रांक लावा आणि आपल्या महाविद्यालयाची प्रमाणित बिंदुनामावली मागा. ती मागासवर्ग कक्षाकडून कोणत्या तारखेला तपासली गेली, ती तारीख मागा. गेल्या दहा वर्षांतल्या जाहिराती आणि 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे लिहिलेल्या निवड समित्यांचे इतिवृत्त मागा. मग ते कागद घेऊन संघटनेच्या सभेला जा, आणि विषयपत्रिकेवर घ्या म्हणून लेखी द्या. तोंडी नको, तोंडी दिलेले वृत्तान्तात येत नाही. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या दोन मुलींनी असा अर्ज केला. एकीला उत्तर आले की बिंदुनामावली अद्ययावत करण्याचे काम सुरू आहे. दुसरीला आलेल्या प्रतीत एक पान कमी होते. तिने त्या पानासाठी अपील केले आहे.